कूलर बंद असतानाचे बेचाळीस दिवस

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला पत्र्याचा एक तुकडा आहे. तळहाताएवढा, माशाच्या काट्यासारख्या नक्षीचा. मधला भाग अजून आरशासारखा चकचकतो. कडेला, जिथे रबराचं गॅस्केट बसायचं त्या खाचेत मात्र त्याची चाळणी झाली आहे. उजेडासमोर धरला की सात भोकं मोजता येतात. नवीन मुलं येतात, उचलून बघतात आणि हमखास विचारतात, "मॅडम, हे कुठल्या ॲसिडमध्ये होतं?"

ॲसिडमध्ये नव्हतं. समुद्राच्या पाण्यात होतं, तेही फक्त सत्तेचाळीस दिवस. त्यातले बेचाळीस दिवस तर ते पाणी हललंही नव्हतं.

गोष्ट माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षातली. एका कॉम्प्रेसरचं लूब ऑइल थंड करायला प्लेट कूलर, म्हणजे पातळ प्लेटा एकीला एक दाबून बनवलेला कूलर, घ्यायचा होता. एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने बंद सर्किटमधलं गोडं पाणी. ते सर्किट कधी दुरुस्तीला काढलं तर तेवढ्यापुरती समुद्राच्या पाण्याची पर्यायी लाइन. डेटाशीटवर कुणीतरी व्यवस्थित लिहिलं होतं: समुद्राचं पाणी, वर्षातून चार ते पाच दिवस. प्लेटचं मटेरियल ३१६ एल नावाचं स्टेनलेस स्टील, जाडी ०.६ मिलिमीटर. मटेरियलच्या रकान्यात सही माझी. चार-पाच दिवसांत काय होतंय, असं मी मनाशी म्हटल्याचं मला आजही स्पष्ट आठवतं.

वर्षभरात पर्यायी लाइन एकदाच वापरली. बरोबर पाच दिवस. मग दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी मशीन थांबवलं, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले आणि कूलर समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरलेला तसाच सोडून सगळे आपापल्या कामाला लागले. बेचाळीस दिवसांनी मशीन सुरू केलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गोड्या पाण्याच्या एक्स्पान्शन टँकमध्ये तेलाचा तवंग.

मी कारणमीमांसेचा अहवाल लिहायला बसले. समुद्राचं पाणी किती दिवस वाहिलं, किती वेगाने, किती तापमानाला, असं सगळं मांडत होते. आमचे तेव्हाचे सर मागे येऊन उभे राहिले, पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, "चालला किती दिवस ते राहू दे. भरलेला बंद किती दिवस होता, ते लिहिलंयस का?"

लिहिलं नव्हतं. त्यानंतरच्या अठरा वर्षांत मी हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारत आले आहे.

ॲसिडचा तो प्रश्न, खरं सांगायचं तर, मुलं चुकीचा विचारत नाहीत. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. ओरखडा पडला तरी पाण्यातला ऑक्सिजन घेऊन तो लगेच पुन्हा धरतो. आता गॅस्केटखालची फट बघा. कागद सरकेल इतकीच जागा. आत शिरलेल्या पाण्यातला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो आणि बाहेरून नवा पोचत नाही. थोडासा धातू विरघळतो, त्याचे आयन पाण्याशी संयोग पावून आम्ल तयार करतात, आणि विद्युतभार समतोल राखायला बाहेरचे क्लोराइड आत खेचले जातात. समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, त्यातलं १९ ग्रॅमच्या आसपास नुसतं क्लोराइड. त्यामुळे कच्च्या मालाचा तुटवडा नाही. बाहेर समुद्राचा पीएच ८.१ आणि फटीच्या आत तो २ पर्यंत किंवा त्याहूनही खाली. म्हणजे त्या खाचेत खरोखरच हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं, प्लेटने स्वतःच्या हाताने बनवलेलं. बाहेरचा चकचकीत पत्रा या सगळ्यात कॅथोड म्हणून काम करतो. मोठा कॅथोड आणि चिमुकला ॲनोड, म्हणजे झिजणारी बाजू, त्यामुळे सगळा मार त्या एका ठिपक्यावर.

पाणी वाहतं असेल तर निदान गाळ बसत नाही, फटीच्या तोंडाशी थोडी देवाणघेवाण होत राहते. पाणी साचलं की गाळ तळाला बसतो आणि गॅस्केट नव्हतं तिथेही नव्या फटी तयार होतात. जिवाणूंना निवांत घर मिळतं. अशा कूलरमध्ये, म्हणजे प्लेट एक्स्चेंजरमध्ये, तर शेजारच्या दोन प्लेटा शेकडो बिंदूंवर एकमेकींना टेकलेल्या असतात आणि तो प्रत्येक टेकू ही एक फट असते. ३१६ साठी यापेक्षा वाईट भूमिती मुद्दाम ठरवूनही कुणाला काढता आली नसती.

३१६ ला लोक 'मरीन ग्रेड' म्हणतात. या नावाने जितके कूलर खाल्ले असतील तितके खुद्द समुद्रानेही खाल्ले नसतील. बोटीच्या कठड्याला, शिडीला ते ठीक आहे. लाटेचे तुषार उडतात, पाऊस धुऊन नेतो, हवा खेळती. पाण्याखाली, गॅस्केटखाली, बोल्टच्या डोक्याखाली मात्र ते टिकत नाही.

मग काय टिकतं? इथे सगळे एका आकड्याकडे धावतात, पीआरईएन, म्हणजे खड्डे पाडणाऱ्या गंजाला धातू किती तोंड देईल याचा अंदाज. क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. ३१६ एल चा हिशेब २४-२५ वर थांबतो. २२०५ ड्युप्लेक्स ३५ च्या आसपास. २५०७ सुपर ड्युप्लेक्स आणि सहा टक्के मॉलिब्डेनमवाली स्टेनलेस स्टीलं चाळिशी ओलांडतात, आणि समुद्राच्या पाण्यासाठी ४० हा उंबरठा धरायचा अशी आमच्या धंद्यातली रीत आहे. आकडा चांगला आहे, मीही वापरते. पण हा आकडा नुसती धातूची कुंडली सांगतो. धातू कुठल्या घरात नांदणार आहे याची त्याला काहीच खबर नसते.

उदाहरण द्यायचं तर ८२५ हा मिश्रधातू. चाळीस टक्क्यांच्या आसपास निकेल, नाव मोठं, कागदावर भारदस्त. पण मॉलिब्डेनम तीनच टक्के. फटीतल्या क्लोराइडशी लढायला निकेल फारसं कामाला येत नाही. ते काम क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि नायट्रोजनचं. ८२५ समुद्राच्या पाण्यात फटीतल्या गंजाला बळी पडतो, आणि 'इतका निकेल असून असं कसं' असं म्हणणारा माणूस दर दोन वर्षांनी मला नव्याने भेटतो.

दुसरी गोष्ट क्लोरीनची. शेवाळ, शिंपले माजू नयेत म्हणून समुद्राच्या पाण्यात क्लोरीन सोडतात, बहुतेक ठिकाणी ०.२ ते ०.५ पीपीएम (दहा लाखांत एवढे भाग) शिल्लक राहील एवढं. सजीवांसाठी ते विष आहेच, पण स्टेनलेससाठीही ते ओझं आहे. नुसत्या समुद्राच्या पाण्यात अंगावर जिवाणूंचा थर चढला की स्टेनलेसचं विद्युत पोटेन्शियल, कॅलोमेल या मोजमापासाठीच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत, अधिक ३०० मिलिव्होल्टच्या आसपास जातं. क्लोरीन घातलं की ते ६०० पर्यंत चढतं. जितकं वर, तितकी फट पेटायला सोपी. त्यावर तापमान. नॉर्वेच्या समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मवर चाळिशीपलीकडचे हेच धातू फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडणाऱ्या कड्यांच्या, तोंडाशी आणि थ्रेडमध्ये खाल्ले गेले. पुढे तिथल्या नॉरसॉक मानकाने फटी असलेल्या जागांसाठी, क्लोरीन घातलेल्या पाण्यात, मर्यादा घातली ती २० अंश सेल्सिअसची. वीस! हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राचं पाणी बऱ्याचदा त्याहून गरम होऊनच शिरतं, आणि बाहेर पडताना चाळिशीला टेकतं.

म्हणून सुपर ड्युप्लेक्स मी पाइपात आनंदाने लिहिते, पंपात लिहिते. गॅस्केटवाल्या प्लेट एक्स्चेंजरमध्ये मात्र हात आखडतो. त्यातून वेल्डिंगची काळजी वेगळीच. साधारण ६०० ते १००० अंशांच्या पट्ट्यात जास्त रेंगाळलं की सिग्मा नावाची ठिसूळ प्रावस्था तयार होते, आजूबाजूचं क्रोमियम-मॉलिब्डेनम शोषून घेते, आणि सर्टिफिकेटवरचा पीआरईएनचा बेचाळीस आकडा वेल्डच्या कडेला उरतच नाही.

आता तांब्याचं घराणं. मला स्वतःला हे सगळ्यात आवडतं. एक तर याचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि दुसरं म्हणजे हे धातू माणसांसारखे वागतात. सुरुवातीचे दिवस कसे गेले यावर त्यांचं पुढचं आयुष्य ठरतं.

१७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने अलार्म नावाच्या लढाऊ जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. हेतू असा की लाकूड पोखरणारे किडे आणि शिंपले दूर राहावेत. ते राहिलेही. पण १७६३ मध्ये जहाज वर घेऊन बघतात तर पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे खाऊन गेलेले. फक्त काही ठिकाणी खिळे शाबूत होते. तिथे पत्रा गुंडाळून आलेला तपकिरी कागद चुकून मध्ये राहून गेला होता. कामगाराच्या निष्काळजीपणातून इतका नेटका प्रयोग दुसरा झाला नसेल. दोन वेगळे धातू, मध्ये समुद्राचं पाणी, आणि एका जागी इन्सुलेशन. आजही फ्लँजमध्ये इन्सुलेटिंग गॅस्केट लिहिताना मला तो कागद आठवतो.

पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने याच तत्त्वाचा उलटा उपयोग केला. तांब्याला जाणूनबुजून लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडले, म्हणजे ते झिजतील आणि तांबं वाचेल. तांबं वाचलं, अगदी उत्तम वाचलं. आणि म्हणूनच त्याच्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचं जंगल माजलं. कारण तांब्याचा जो थोडासा अंश पाण्यात विरघळत होता तोच तर या प्राण्यांना पळवत होता. जहाजं मंदावली आणि नौदलाने ती योजना गुंडाळली. हात दाखवून अवलक्षण! क्युप्रोनिकेलच्या, म्हणजे तांबं-निकेल मिश्रधातूच्या, ट्यूबांना सढळ हाताने असं कॅथोडिक संरक्षण द्यायला निघालेल्या उत्साही माणसाला मी ही गोष्ट सांगते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांच्या कंडेन्सरमधल्या, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातल्या, पितळी ट्यूबा इतक्या भराभर फुटायच्या की त्या दुखण्याला चक्क 'कंडेन्सरायटिस' असं आजारासारखं नाव पडलं. ट्यूब फुटली की खारं पाणी बॉयलरच्या पाण्यात, आणि मग जहाज युद्धात नाही तर गोदीत. त्यानंतरच्या संशोधनातून २ टक्के ॲल्युमिनियम घातलेलं पितळ आलं, आणि निकेलच्या बाजूने क्युप्रोनिकेल. आजचं ९०/१० क्युप्रोनिकेल म्हणजे नव्वद तांबं, दहा निकेल असं नावावरून वाटतं, पण त्याचा खरा जीव त्यातल्या दीडेक टक्का लोखंडात आहे. लोखंड नसेल तर वेगाने वाहणाऱ्या पाण्यापुढे त्याचा संरक्षक थर तग धरत नाही.

हा थर म्हणजेच सगळं. मुख्यतः क्युप्रस ऑक्साइडचा, तपकिरी. पहिल्या काही दिवसांत धरतो, पण नीट पिकायला दोन-तीन महिने लागतात. पाण्याचा वेग फार वाढला की तो सोलून निघतो. ॲल्युमिनियम ब्रासला साधारण २ मीटर प्रति सेकंदाच्या पुढे नेऊ नये, ९०/१० ला ट्यूबमध्ये अडीचच्या आसपास थांबावं, ७०/३० थोडं जास्त सोसतं. फार हळूही चालत नाही. १ मीटरच्या खाली गाळ बसायला लागतो. वेग जास्त झालेला ट्यूब उभा चिरून बघितला की आत घोड्याच्या नालाच्या आकाराचे खड्डे दिसतात, घोडा प्रवाहाच्या विरुद्ध चालत गेल्यासारखे. विशेषतः ट्यूबच्या तोंडाशी, जिथे पाणी वॉटर बॉक्समधून, म्हणजे ट्यूबांच्या टोकाशी असलेल्या पेटीतून, वळून आत घुसतं. तिथे प्लास्टिकच्या बाह्या बसवतात. त्या बसवल्या की कधीकधी हल्ला बाहीच्या टोकापुढे सरकतो, एवढंच. म्हणून टोक निमुळतं हवं.

लोखंडावरून आठवलं. जुन्या कंडेन्सरांचे वॉटर बॉक्स बिडाचे, आतून उघडे असायचे. ते गंजायचे आणि लोकांना त्याची लाज वाटायची. कुणीतरी सुधारणा म्हणून त्यांना आतून रबराचं अस्तर दिलं, रंग दिला. बॉक्स सुंदर झाले आणि ट्यूबा गळायला लागल्या. गंजणारं बीड इतकी वर्षं पाण्यात लोखंड सोडत होतं, आणि तेच लोखंड ट्यूबांच्या थरात बसून त्यांना जपत होतं. शिवाय बीड स्वतः झिजून ट्यूबशीटला, म्हणजे ट्यूबांची टोकं जिच्यात बसवतात त्या जाड चकतीला, वाचवत होतं. ते थांबल्यावर मग बाटलीतून फेरस सल्फेट घालायची पाळी आली, बऱ्याच ठिकाणी दिवसातून तासभर १ पीपीएम असं. घरातल्या कुरकुऱ्या म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात पाठवल्यावर विजेचं बिल कोण भरत होतं ते कळावं, तसं.

माझा स्वतःचा क्युप्रोनिकेलचा धडा एका नव्याकोऱ्या कंडेन्सरवरचा. मटेरियल अगदी बरोबर निवडलेलं, ९०/१०, वेग १.९, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण चाचणीसाठी इनटेकच्या कोपऱ्यातलं गढूळ पाणी भरलं आणि मुख्य मशीन तयार नाही म्हणून ते दोन महिने तसंच ठेवलं. उघडलं तेव्हा मी तिथे होते. झाकण सुटताक्षणी सडक्या अंड्याचा वास. आत आलेले शिंपले मेले होते, ऑक्सिजन संपला होता, सल्फेट खाणारे जिवाणू मजेत होते. ट्यूब आतून तपकिरी नव्हत्या, काळ्या होत्या. तपकिरी ऑक्साइडऐवजी सल्फाइडचा थर. तो धरून बसत नाही, पोपडे निघतात, आणि नंतर ताजं हवेशीर पाणी आलं की हल्ला थांबायच्या ऐवजी जोर धरतो. पाण्यात ०.०१ पीपीएम सल्फाइडदेखील ९०/१० ला त्रास द्यायला पुरेसं असतं, इथे तर नाकाला झिणझिण्या येत होत्या.

"धुऊन काढू आणि चालू करू," असं ठरलं. मी विरोध केला, पण तोंडी. लेखी केला नाही, हे माझं चुकलं. पहिल्या वार्षिक तपासणीत एडी करंटने, म्हणजे विजेच्या प्रवाहाने, ट्यूबांची भिंत तपासणारा माणूस सकाळपासून प्रोब ओढत होता आणि चार वाजता त्याने माझ्याकडे न बघता नकाशा पुढे सरकवला. तळाच्या ओळी जवळजवळ सलग लाल. म्हणजे पाणी उपसल्यावरही जिथे चिखल राहिला होता, बरोबर तिथेच. खराब ट्यूबांना प्लग मारत मारत दोन वर्षं काढली, मग सगळ्या ट्यूबा बदलल्या.

आणि बदलताना अर्थातच सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. टायटॅनियम.

टायटॅनियमबद्दल वाईट बोलणं अवघड आहे. समुद्राच्या नेहमीच्या तापमानाला त्याला क्लोराइड लागत नाही, सल्फाइड लागत नाही, क्लोरीन लागत नाही, वेग लागत नाही. साचलेलं पाणी, मेलेले शिंपले, सुट्टीवर गेलेला ऑपरेटर, सगळं पचवतो. फटीतला गंज त्यालाही होतो, पण साधारण ८० अंशांच्या पुढे. दाबून प्लेटा बनवायला नरम असा ग्रेड १, ट्यूबला बहुधा ग्रेड २.

त्याच्याविरुद्ध पहिला आक्षेप हमखास येतो तो उष्णतावहनाचा. 'टायटॅनियमची वाहकता वीस-एकवीस, क्युप्रोनिकेलची पंचेचाळीस, ॲल्युमिनियम ब्रासची शंभर, मग एक्स्चेंजर केवढा मोठा होईल!' पाटी-पेन्सिल घेऊन बसू या. क्युप्रोनिकेलची भिंत १.२५ मिलिमीटर, म्हणजे ०.००१२५ मीटर. भागिले ४५, म्हणजे रोध ०.००००२८. टायटॅनियमला गंजासाठी जाडी राखून ठेवायची गरजच नाही, म्हणून कंडेन्सरमध्ये भिंत ०.५ मिलिमीटर, म्हणजे ०.०००५ मीटर. भागिले २१, रोध ०.००००२४. टायटॅनियम पुढे! आणि ५० अंशांखालच्या समुद्राच्या पाण्यासाठी आपण डोळे मिटून जो मळाचा रोध धरतो तो ०.००००९ च्या घरात, म्हणजे भिंतीच्या तिपटीहून जास्त. धातूच्या वाहकतेवर तासभर भांडून मळाचा आकडा न वाचता पुढे जाणं ही आमच्या मीटिंगांची जुनी खोड आहे. ॲल्युमिनियम ब्रास जिंकतं हे खरं, पण तेही ट्यूब स्वच्छ असेपर्यंतच.

मळाचा मुद्दा मात्र टायटॅनियमला खरंच लागू आहे. तांब्यासारखं विष त्याच्यात नाही. शिंपल्यांना ते आवडतं. क्लोरीन बंद पडलं की टायटॅनियमचा एक्स्चेंजर शाबूत राहून तुंबतो.

आणि मग शेजारी. जुन्या कंडेन्सरमध्ये फक्त ट्यूबा बदलून टायटॅनियमच्या टाकायच्या आणि ट्यूबशीट तीच ठेवायची, साठ-चाळीसची पितळी मुंट्झ मेटल, असा प्रस्ताव आमच्यापुढे आला होता. कागदावर किती सोपं! पण हजारो टायटॅनियम ट्यूबांचं आतलं क्षेत्रफळ हा केवढा कॅथोड, आणि त्यापुढे ती बिचारी पितळी चकती. आगीतून फुफाट्यात. तिला वाचवायला बाहेरून करंट द्यायचा म्हटलं तर तो जपून द्यावा लागतो. कॅलोमेलच्या तुलनेत साधारण उणे ०.७५ व्होल्टच्या पलीकडे नेलं की टायटॅनियम हायड्रोजन शोषायला लागतं आणि ट्यूबांची टोकं हायड्राइडने ठिसूळ होतात. म्हणजे ट्यूबशीट वाचवताना ट्यूब जातात. शेवटी ट्यूबशीटही टायटॅनियमचा थर चढवलेली घेतली. हा थर स्फोटाच्या दाबाने चिकटवतात, कारण टायटॅनियम पोलादाला सरळ वेल्ड होत नाही. दोघांच्या मिश्रणातून काचेसारखी ठिसूळ संयुगं बनतात. पहिल्यांदा 'एक्स्प्लोजन बाँडिंग' ऐकलं तेव्हा मला थट्टाच वाटली होती.

तरीही एक गोष्ट राहिलीच होती, आणि ती माझ्या नाही, आमच्याकडच्या एका ज्येष्ठ ड्राफ्ट्समनकाकांच्या लक्षात आली. त्यांनी मटेरियलचं एक पान वाचलं नव्हतं. फक्त जुन्या ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, या आधारांमधलं अंतर जाड ट्यूबसाठी काढलंय. तुमचे हे पातळ ट्यूब वाफेत नाचतील." बरोबर होतं. टायटॅनियमची ताठरता पोलादाच्या जवळपास निम्मी, त्यात भिंत पातळ आणि वजन हलकं. वाफेच्या झोताने ट्यूब कंप पावून आधाराशी घासून फाटतात, समुद्राचा त्यात काडीचा संबंध नाही. मग ट्यूबांच्या ओळींमध्ये जागोजागी पट्ट्या सरकवून त्यांना घट्ट धरलं. ते कंडेन्सर आजही चालू आहे.

लोक मला फोन करून विचारतात, "समुद्राचं पाणी आहे, काय घेऊ?" याचं एका शब्दात उत्तर मला येत नाही. पाणी स्वच्छ, सतत वाहतं, वेग हातात, आणि बंद करताना धुऊन कोरडं ठेवणारी माणसं असतील तर ९०/१० इतका समजूतदार धातू नाही. बंदरातलं, सांडपाणी मिसळणारं, आज वाहतं उद्या साचतं असं पाणी असेल तर टायटॅनियम घ्या आणि मळाची व्यवस्था आधी लावा. प्लेट एक्स्चेंजर असेल तर बहुतेक वेळा टायटॅनियमच, त्यात मी आता वाद घालत नाही. दाब मोठा आणि पाणी थंड असेल तर सुपर ड्युप्लेक्सचा विचार करा, पण वेल्डरची परीक्षा स्वतः बघा.

पण त्याआधी माझा तो जुना प्रश्न. आमच्या डेटाशीटच्या नमुन्यात मी एक ओळ वाढवून घेतली आहे: 'समुद्राच्या पाण्याने भरलेल्या अवस्थेत बंद राहण्याचा जास्तीत जास्त काळ, दिवस.' पहिली काही वर्षं ती रिकामीच परत यायची. आता लोक काहीतरी भरतात. परवा एक आली, त्यात 'लागू नाही' लिहिलं होतं आणि मटेरियलच्या रकान्यात ३१६ एल. समुद्राचं पाणी 'फक्त आणीबाणीत'.

मी पत्र्याच्या त्या तुकड्याचा उजेडासमोर धरून फोटो काढला, सातही भोकं दिसतील असा, डेटाशीटला जोडला आणि ती ओळ लाल करून परत पाठवली. उत्तर अजून यायचंय.